डी७५० बदलायचा का? एका लग्नसराईची वही

आषाढ लागला की बेळगावजवळच्या आमच्या खानापुरात लग्नं थांबतात आणि माझ्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोंशिवाय दुसरं काम उरत नाही. मग मी कपाट उघडते. एकेक लेन्स खिडकीशी धरून आत टॉर्च मारते, बुरशीची जाळी धरलीय का बघते, सिलिका जेलचे खडे कढईत गरम करून परत डब्यात भरते. कणकुंबी-जांबोटीकडून उतरणारा पाऊस आमच्या भिंतींनाही घाम फोडतो, त्यामुळे हे काम चुकवून चालत नाही. यंदा ते चाललेलं असताना भाचा समोर स्टुलावर बसला होता. गेली दोन वर्षं तो जे विचारतो तेच त्यानं परत विचारलं.

"मावशे, कॅमेरा कधी बदलायचा?"

लग्नं आम्ही दोघं मिळून करतो. व्हिडिओ त्याच्याकडे, फोटो माझ्याकडे. माझा कॅमेरा निकॉन डी७५०. तो बाजारात आला सप्टेंबर २०१४ मध्ये, माझ्या हातात आला २०१५ च्या दिवाळीत. दरवेळी मी 'बघू' म्हणून विषय संपवत असे. यावेळी तसं केलं नाही, कारण तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत मी एक वही लिहिली होती. त्या वहीतून काय निघालं ते आज सविस्तर मांडते. बेळगाव, निपाणी, चंदगडकडचे माझ्या ओळखीचे कितीतरी फोटोग्राफर याच प्रश्नावर अडून बसलेत. लाखाच्या वरची उडी आहे आणि ती मारायची तर खाली काय आहे ते नीट दिसायला हवं.

आधी मागचं सांगते. अप्पांचा हा स्टुडिओ फिल्मवर चालायचा. रोल घेऊन बेळगावला जायचं, लॅबमध्ये द्यायचे, दोन दिवसांनी परत जाऊन प्रिंट आणायच्या. २००५ मध्ये अप्पांनी डी७० घेतला. सहा मेगापिक्सेलचा, मागचा पडदा पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा. कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो यावा म्हणून वाढवायचा आकडा, १६०० लावला की काळ्या कोटावर रांगोळी सांडल्यासारखे दाणे यायचे. तरी त्या कॅमेऱ्यानं बेळगावच्या चकरा बंद केल्या. २००९ मध्ये डी९० आला, बारा मेगापिक्सेल, तीन इंची पडदा. व्हिडिओ घेणारा तो पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा. मग डी७५०, २४ मेगापिक्सेल आणि फुल-फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर. आयएसओ ६४०० ला काढलेला फोटोसुद्धा अल्बममध्ये न घाबरता लावता येऊ लागला. या तिन्ही वेळा 'घ्यावा का' असा प्रश्नच पडला नव्हता. पहिल्या लग्नाचा अल्बम हातात आला आणि उत्तर मिळालं.

आता हे बघा. निकॉनचा बिनआरशाचा झेड ६-थ्री जून २०२४ मध्ये आला. तो २४.५ मेगापिक्सेलचा. माझा २४.३. मधे दहा वर्षं गेली. हा आकडा मी भाच्याला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "पिक्सेल कोण बघतंय मावशे?" त्याचं बरोबर आहे, पण आमच्या धंद्यात अजून बरेच जण तेवढंच बघतात, म्हणून हिशेब करून टाकते. आमच्या अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंचांचं. डी७५०च्या फोटोची रुंदी ६०१६ पिक्सेल. अठरा इंचांवर ते पसरले तर इंचाला ३३० च्या वर येतात आणि छपाईला ३०० पुरतात. ६१ मेगापिक्सेलचे कॅमेरे मिळतात, पण त्यांची रुंदी साडेनऊ हजार पिक्सेल, म्हणजे माझ्या दीडपटीहून थोडी जास्त. अडीचपट पिक्सेल साठवायचे, अडीचपट हार्डडिस्क भरायची, आणि पान तेवढंच १८ इंचांचं.

अंधारातल्या दाण्यांचं काय? यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास होता, की दहा वर्षांत सेन्सर कुठल्या कुठे गेले असतील. तसं झालेलं नाही आणि त्याला कारण आहे. रिमझिम पावसात अंगणात दोन सारखे गडू ठेवा. दोन्हीत पडणारे थेंब मोजले तर कधीच सारखे भरत नाहीत. पाऊस जितका कमी, तितका हा फरक जास्त जाणवतो. प्रकाशही असा थेंबाथेंबानं पडतो आणि अंधारातल्या फोटोतले दाणे बरेचसे त्यातूनच येतात. तो दोष गडूचा नसतो, पावसाचा असतो. सेन्सरच्या गडूत पडणाऱ्या थेंबांपैकी निम्म्याहून जास्त आधीच धरले जातात. उद्या कुणी एकही थेंब न सांडणारा सेन्सर केला तरी फायदा एका स्टॉपच्या, म्हणजे उजेडाच्या दुपटीच्या, आतलाच. एवढा फायदा मी लेन्स एक घर उघडून आजही मिळवते. झेड ६-थ्रीचा सेन्सर तर वेगासाठी बांधलाय. कमी आयएसओला काढलेल्या फोटोतल्या सावल्या नंतर उजळल्या तर आधीच्या झेड ६-टूपेक्षा त्यात दाणे किंचित जास्तच दिसतात.

म्हणजे चित्राच्या दर्जासाठी बदलायचं म्हणाल तर माझं उत्तर नाही. डी७५० किंवा त्याच्या वयाचा कुठलाही फुल-फ्रेम कॅमेरा हातात असेल आणि कुणी 'क्वालिटी बघा' म्हणून गळ घालत असेल तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

आता वही. प्रत्येक लग्नाच्या रात्री घरी आल्यावर मी त्यात एकच गोष्ट लिहायची: आज कुठला फोटो हवा होता आणि मिळाला नाही, आणि तो कशामुळे गेला. मोसमभरात असे ३७ फोटो झाले. लिहिताना लाज वाटायची, पण खरं ते लिहिलं. १६ फोटो उजेडामुळे गेले. आजकाल स्टेजच्या मागे एलईडीची भिंत असते, तिच्यासमोर नवरानवरी काळवंडतात, आणि कार्यालयाचं छत गडद रंगाचं असलं की छतावर मारलेला फ्लॅश परत येत नाही. नऊ फोटो मी चुकीच्या जागी उभी होते म्हणून गेले. तीन किरकोळ कारणांनी. उरलेले नऊ फोकसमुळे.

या नवांतले सहा एकाच क्षणाचे आहेत. 'सावधान' होतं, अंतरपाट खाली येतो, दोघं एकमेकांकडे बघतात आणि त्याच सेकंदाला चारी बाजूंनी अक्षतांची झड बसते. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचे बिंदू चौकटीच्या मधोमध गोळा झालेले असतात, माझ्यात ५१ आहेत. त्यांना समोर जे ठळक दिसेल ते पकडतात. चेहरा कुठला आणि तांदूळ कुठला हे त्यांना कळायचा मार्ग नाही. मग अक्षता लख्ख आणि नवरीचे डोळे धुरकट. आईबाप असा फोटो बघून काही बोलत नाहीत, पुढचं पान उलटतात. मला ते पान उलटणं फार लागतं. तो क्षण दुसऱ्यांदा घडवून आणता येत नाही.

म्हणून वैशाखात नंदगडच्या एका लग्नाला मी बेळगावहून झेड ६-थ्री दोन दिवस भाड्यानं आणला. जुन्या लेन्स बसवायचा अडॅप्टर लावून माझीच २४-७० लेन्स त्याला जोडली, डी७५० दुसऱ्या खांद्यावर. अंतरपाट खाली आला तेव्हा नवीन कॅमेरा डोळ्याला होता. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच होतो. चित्र बघून चेहरा, त्यातला डोळा तो स्वतः शोधतो, अगदी चौकटीच्या कडेला असला तरी. अक्षता पडत राहिल्या आणि छोटा चौकोन नवरीच्या डोळ्यावर बसून राहिला. मी २२ फोटो काढले. १९ मध्ये डोळा टिपलेला होता. उरलेल्या तिनांत तो चौकोन नवऱ्याच्या मुंडावळीच्या मण्यावर जाऊन बसला होता. मुंडावळ्या डोळ्यासमोर झुलत असल्या की हे होतं, बाशिंग मोठं असेल तर आणखी होईल. तेव्हा एका बाजूला सरकून, मुंडावळीच्या फटीतून डोळा दिसेल अशी जागा धरावी. तरी २२ त १९! त्या रात्री वहीत लिहायला फोकसचा एकही फोटो नव्हता.

घरी आल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांचे सारखे फोटो निवडले, १२ बाय १८ च्या चार प्रिंट एकाच कागदावर काढल्या आणि मागे खुणा करून स्टुडिओच्या भिंतीवर लावल्या. जो येईल त्याला विचारलं, यातला नव्या कॅमेऱ्याचा कुठला? पासपोर्ट फोटोला आलेली कॉलेजची मुलं, शेजारचा झेरॉक्सवाला, माझी बहीण. ज्या प्रिंटमध्ये नवरी मनापासून हसलीय तिच्यावर सगळे बोट ठेवायचे. ती डी७५०ची होती. अप्पांनी मात्र काचेचा लूप, म्हणजे प्रिंट तपासायचं भिंग काढलं. वय ७८, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. प्रत्येक प्रिंटवर वाकून त्यांनी आधी फक्त पापण्या बघितल्या आणि चारांतल्या दोन बाजूला काढल्या. "हेच्यात डोळा बसलाय बघ. त्या दोघींत नाकावर आलाय." दोन्ही बरोबर ओळखल्या.

मला जे कळायला मोसम लागला ते अप्पांनी दोन वाक्यांत सांगितलं.

आवाजाचं एक कारण भाचा नेहमी देतो. नव्या कॅमेऱ्यांत यांत्रिक शटर बंद करून अगदी मुक्यानं फोटो काढता येतात. आमच्या भागातल्या गावांत ज्ञानेश्वरी पारायणं होतात, कीर्तन रंगात आलेलं असताना माझ्या आरशाचा खडाक आवाज पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना खटकतो, ते वळून बघतात. नंदगडच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी कॅमेरा अजून हातात होता, म्हणून एका देवळात गेले. शटर १/२५० सेकंदावर ठेवून मुक्यानं फोटो काढले आणि घरी बघते तर बुवांच्या पांढऱ्या अंगरख्यावर आडवे गडद पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. मुक्या शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. शटर १/१०० ला आणलं की पट्टे जातात. मग टाळ वाजवणाऱ्याचा हात थोडा हलतो, तो हलू द्यावा. एलईडीच्या भिंतीसमोर मात्र मुकं शटर वापरूच नका, तिथे पट्टे आणखी बारीक येतात आणि नंतर काढता येत नाहीत. अंतरपाटाच्या आधीचा एक सेकंद आपोआप जपून ठेवायची जी सोय आहे, तीही या मुक्या शटरवरच चालते आणि फक्त जेपेग देते, नंतर हवी तशी सुधारता येणारी कच्ची फाइल नाही. मंडप उन्हात असेल तर वापरण्यासारखी आहे, कार्यालयात नाही.

वजनाबद्दल जे ऐकलं होतं ते मला पटलं नाही. बॅटरीसकट डी७५० ८४० ग्रॅम, झेड ६-थ्री ७६०. ऐंशी ग्रॅम वाचले आणि जुन्या लेन्ससाठी १२५ ग्रॅमचा अडॅप्टर चढला. बॅटरीचं उलट आहे. माझी एक बॅटरी हळदीपासून पाठवणीपर्यंत जाते, त्या दिवशी तीन लागल्या. जुन्या बॅटऱ्या नव्या कॅमेऱ्यात बसतात, तेवढं बरं. आणि गुलाल. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत, गणपती विसर्जनात मी रात्रभर बेळगावात असते. आरसा नाही म्हणजे लेन्स काढली की सेन्सर समोर. त्या रात्री लेन्स बदलायची नाही हा नियमच करावा लागेल.

आता ज्या कारणाबद्दल कुणी बोलत नाही ते सांगते. मला ४७ वर्षं पूर्ण झाली. जवळचं दिसत नाही. डी७५०च्या मागच्या पडद्यावर फोटो बघायचा तर डोक्यावरचा चष्मा खाली ओढायचा, बघायचा, परत वर सरकवायचा, कॅमेरा डोळ्याला लावायचा. मंगलाष्टकांच्या वेळी हे कुणाला जमतं? म्हणून गेली तीन वर्षं मी फोटो न तपासताच पुढे जात होते आणि फोकस चुकल्याचं रात्री घरी कळायचं. नव्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर म्हणजे आत बसवलेला छोटा पडदा. शेजारची चकती फिरवून तो एकदा माझ्या नजरेला लावला की काढलेला फोटोही आतच दिसतो, मोठा करून पापणी बघता येते, चष्म्याशिवाय. पहिल्यांदा हे केलं तेव्हा कार्यालयाच्या खांबाला टेकून मी थोडा वेळ नुसतीच उभी राहिले. इतकी वर्षं मी माझ्या हाताला दोष देत होते.

नवरीच्या आजीनं माझं ते उभं राहणं बघितलं आणि जवळ आली. "काय बघालीस गं? मी दिसतो काय त्यात?" आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो. कॅमेरा त्यांच्या डोळ्याला लावला. नातीचा फोटो बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

तर मी काय ठरवलं. आधी उजेड. वहीतले १६ फोटो कुठल्याही कॅमेऱ्यानं परत येणार नव्हते, म्हणून दोन फ्लॅश, दोन स्टँड आणि एक मोठी छत्री याच महिन्यात घेतली. कॅमेऱ्याच्या मानानं हा खर्च फारच थोडा. तुमचीही वही असेल आणि तिच्यात उजेडाचा रकाना मोठा असेल तर नव्या कॅमेऱ्याचं नाव काढण्याआधी हे करा, मी पोटतिडकीनं सांगते.

मग कॅमेरा. झेड ६-थ्री घेत नाही. एप्रिल २०२५ मध्ये झेड ५-टू आलाय, पिक्सेल तेवढेच, आतला प्रोसेसर तोच, चेहरा आणि डोळा शोधणं त्याच जातीचं. त्याचा सेन्सर हळू वाचतो, म्हणजे मुक्या शटरला तो आणखी कच्चा, पण तो रस्ता मी आधीच सोडलाय. दोन्ही खाचांत साधी एसडी कार्डं बसतात, माझ्याकडची सगळी चालतील. झेड ६-थ्रीला एका खाचेत वेगळं महागडं कार्ड लागतं. लग्नाचे फोटो दोन कार्डांवर एकाच वेळी उतरल्याशिवाय मला झोप येत नाही, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी मोठा. दुकानात तासभर हाताळून आले. व्ह्यूफाइंडर माझ्या नजरेला लागला. ज्यांना व्हिडिओ करायचाय त्यांचा प्रश्नच वेगळा. आरशाच्या कॅमेऱ्यावर चालताबोलता फोकस धरत बसण्यापेक्षा त्यांनी केव्हाच बदलायला हवं होतं आणि भाच्यानं ते केलंही.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. अप्पांची ८५ एमएम, एफ/१.८ डी लेन्स. फिल्मच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी घेतलेली, आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचे चांगले फोटो तिच्यातून निघालेत. या 'डी' लेन्सच्या पोटात मोटर नसते, कॅमेऱ्याची मोटर तिला फिरवते. डी७५०त ती मोटर आहे. नव्या कॅमेऱ्यांत नाही, निकॉनच्या अडॅप्टरमध्येही नाही. लेन्स बसते, फोटो येतो, फोकस हातानं करावा लागतो. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग हातानं कर की." त्यांनी आयुष्यभर तेच केलं.

डी७५० विकायचा नाही असं ठरलंय. तो स्टुडिओत राहील, ८५ त्याच्यावर कायमची लावलेली. शटर दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. आज सकाळी आकडा बघितला, १,३७,४१२. म्हाताऱ्या माणसांचे एकट्याचे फोटो काढायला, भिंतीवर लावायचे, त्याला अजून बरीच वर्षं आहेत. पहिला फोटो अप्पांचा काढणार होते, पण ते म्हणाले पाऊस उघडू दे, खिडकीत ऊन येऊ दे. बाहेर अजून धो धो चाललाय.